खाडीच्या तिसऱ्या: रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की झालं?

ओहोटीकाठ: आमच्याकडे रविवारी तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, एकशिपी ठरलेलं. आई त्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते, "सगळी घाण ओकतात" म्हणते. वाळू ओकतात, हे खरं. कॅडमियमसारखा विषारी धातू ओकत नाहीत. तिसरी कल्ल्यांतून पाणी गाळून जगते, त्या वाटेनेच धातूही आत शिरतात. आत मेटॅलोथायोनीन नावाचं प्रथिन त्यांना धरून ठेवतं, म्हणून ती सहसा मरत नाही, बाहेरून ठणठणीत दिसते. साठलेलं कॅडमियम उतरायला महिने लागतात. उकळून जंतू मरतील, धातू कुठे जाणार? ज्या खाडीत कारखान्यांचं सांडपाणी येतं, तिथल्या तिसऱ्यांच्या विक्रीवर बंदी हवी.

खाजणवाला: माझी आत्या ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या काढते, घर त्यावर चालतं. बंदी आली की भुर्दंड तिला, सांडपाणी सोडणाऱ्याला काहीच नाही. आणि सगळ्या शिंपल्यांना एकच माप लावू नका. कालवं जस्त भरमसाट साठवतात, शिनाणे तेच जस्त बरंचसं आटोक्यात ठेवतात. "धातू सापडला" एवढ्यावर भागत नाही. कुठला, किती, कोणत्या जिवात? युरोपात असल्या शिंपल्यांच्या मांसाला किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा आहे. तसं खाडीवार तपासा, आकडे बंदरावर लावा.

ओहोटीकाठ: आणि आकडे येईपर्यंत खात राहायचं? जपानमधल्या मिनामाटात हेच झालं. १९५६ मध्ये आजार उघड झाला, लोक खाडीतले मासे नि शिंपलेच खात होते. १९५७ मध्ये कुमामोतो प्रांताने बंदीसाठी कायदा लावता येईल का, असं विचारलं. वरून उत्तर आलं, सगळीच मासळी विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून लावता येत नाही. पाऱ्याचं सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिलं. पुराव्याची वाट पाहण्याची किंमत लेकरांनी मोजली. हे वाचल्यापासून माझ्या घशाखाली एकशिपी उतरत नाही.

खाजणवाला: मिनामाटाचं मान्य. पण नळ तर सांडपाण्याचाच बंद करायचा होता ना? फ्रान्समधल्या आर्काशाँ खाडीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांचं बी धरेना, शिंपले जाड नि वेडेवाकडे होऊ लागले. कारण निघालं होड्यांच्या बुडाला लावायच्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन. १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान होड्यांवर तो रंग बंद केला आणि बी पुन्हा धरू लागलं. बंदी रंगावर होती, कालवांवर नव्हती.

गाळातली: मी प्राणिशास्त्र शिकवते. दादा, धातू धरून ठेवायलाही ताकद लागते, ती वाढीतून आणि अंड्यांतून जाते. तांबं जास्त झालं की शिनाणे शिंपले मिटून बसतात, पण मिटून किती वेळ बसणार? आत्याबाईंनाही वर्षागणिक तिसऱ्या बारीक मिळताहेत का, हे विचाराल?

खाजणवाला: विचारलं. बारीक झाल्यात म्हणते. विक्री थांबवा, मी आड येणार नाही. पण तिची बुडालेली मजुरी सांडपाणीवाल्याकडून वसूल करा, आणि दोन्ही हुकूम एकाच दिवशी काढा.