भूकंपाआधी जमीन वीज सोडते म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

गोदाकाठ:
सोसायटीच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा तोच व्हिडिओ आला. तुर्कस्तानातली रात्र, निळे लखलखाट, आणि खाली मजकूर: "मोठ्या भूकंपाआधी जमीन वीज सोडते. शास्त्रज्ञांना ठाऊक असतं, सांगत नाहीत. काल दिंडोरीकडे ढग नसताना चमकलं. आठ दिवस घराबाहेर झोपा." त्यावर हात जोडणाऱ्यांची रांग. एका काकूंनी गाद्या नेल्या. कुठे, तर गच्चीवर!

म्हणून एकदाचं लिहितोच. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तानात ७.८ चा भूकंप झाला. तारा एकमेकींवर आपटल्या, ट्रान्सफॉर्मर उडाले, बहुतेक उजेड त्याचा. सप्टेंबर २०१७ मध्ये मेक्सिकोत ८.२ च्या वेळी आकाश हिरवं-निळं झालं, तेव्हाही हाच गोंधळ घातला होता लोकांनी. हा उजेड जमीन हलत असताना दिसतो, आठ दिवस आधी नाही. वावटळीत आपल्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, होतं तेच, फक्त गावभर एकदम.

आणि जमिनीतल्या विजेचं म्हणाल, तर दाबल्यावर वीज देतो तो क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी. नाशिक बसलंय बेसाल्टवर, म्हणजे काळ्या दगडावर, त्यात क्वार्ट्झ नावापुरता. विषय संपला.

निवृत्त मास्तर:
इतक्यात नाही संपत. फॉरवर्ड भंपक आहे, मान्य. पण तुम्हीही अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालात. क्वार्ट्झचा मुद्दा कधीच मागे पडला. दगडात त्याचे कण वाटेल तसे तोंड करून असतात, एकाची वीज दुसरा खातो. नासाच्या एम्स केंद्रात काम केलेल्या फ्रीडमन फ्रॉइंड यांनी दगडाचं एक टोक यंत्रात दाबलं आणि न दाबलेल्या टोकाकडे प्रवाह मोजला. त्यात गॅब्रोही होता. गॅब्रो म्हणजे बेसाल्टचाच भाऊ, माल तोच, खोलात सावकाश निवलेला. ऑक्सिजनच्या अणूंमधले कच्चे जोड तुटतात आणि धन प्रभार वाट काढत निघतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा आपला काळा दगड यातून सुटत नाही.

शिवाय २०११ चा जपान. ९.० च्या भूकंपाआधी सुमारे ४० मिनिटं वर आयनांबरात, म्हणजे हवेच्या उंचावरच्या विद्युतभारित थरात, इलेक्ट्रॉन वाढल्याचं जपानी शास्त्रज्ञ हेकी यांनी जीपीएसच्या नोंदींतून दाखवलं. हेही व्हॉट्सॲप का?

गोदाकाठ:
सर, यंत्रातला दगड कोरडा असतो. कवचातल्या भेगांत पाणी असतं, प्रभार तिथेच मुरतो. हेकींचं म्हणाल तर भूकंपानंतर पातळी घसरली म्हणून आधीची उंच दिसते, असं म्हणणारे तज्ज्ञही आहेत. आणि या पंथाचं देवस्थान म्हणजे कॅलिफोर्नियातला १९८९ चा लोमा प्रिएटाचा भूकंप. केंद्रापासून ७ किलोमीटरवर चुंबकीय यंत्र, तीन तास आधी काटा वर! वीस वर्षं तीच आरती. २००९ मध्ये नोंदी पुन्हा तपासल्या तर यंत्रच बिघडलं असावं असं निघालं.

उमरग्याची लेक:
तुमचे दगड आणि यंत्रं चालू द्या. मी ३० सप्टेंबर १९९३ ला उमरग्यात होते, नऊ वर्षांची. विसर्जनाची रात्र. आजोबा ओट्यावर झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास आवाज झाला आणि किल्लारीच्या अंगाला उजेड पसरला, असं ते मरेपर्यंत सांगत. आणि लाईट तर रात्रीच गेलेली होती. आता सांगा दादा, कुठल्या तारा आपटल्या?

गोदाकाठ:
लाईट तुमच्या गल्लीत गेली असेल ताई, मेन लाइनीत असेल.

उमरग्याची लेक:
असेल, असेल! फॉरवर्डवाल्याने "असेल" म्हटलं तर अंधश्रद्धा, तुम्ही म्हटलं की विज्ञान. आमच्या घरातली दोन माणसं त्या दगडमातीच्या भिंतीखाली गेली. आदल्या वर्षीपासून धक्के बसत होते, जमीन हलूनच सांगत होती. त्यासाठी वीज कशाला हवी होती?

निफाडचा बागाईतदार:
जमिनीची वीज राहू द्या, तारेतली तरी येते का ते विचारा. आमच्याकडे पाण्याच्या मोटारीची थ्री फेज वीज रात्री. थंडीत कांद्याला दारं धरायला बॅटरी घेऊन जायचं आणि उसात बिबट्या. मागच्या महिन्यात बांधावर दोन डोळे चमकले, माझे पाय जागीच थिजले. तेही भूकंपाचे दिवे का?

सिडकोकर:
अण्णा, बिल भरता का? इथे आम्ही वेळेवर भरतो तरी व्होल्टेज वरखाली होऊन माझा फ्रिज जळाला. दाद ना फिर्याद.

निफाडचा बागाईतदार:
फ्रिजमध्ये ठेवता काय? आमचाच भाजीपाला ना? एक रात्र या उसाच्या कडेला, मग बिलाचं बोलू. माझ्या चुलतभावाची मोटार वर्षात तीनदा जळाली. डीपी बदलायला लोकवर्गणी काढली आम्ही.

सिडकोकर:
रडगाणं नको. दिवसा वीज हवी तर सौर पंप घ्या.

निफाडचा बागाईतदार:
अर्ज कधीचा केलाय ते विचारा आधी! शहरात बसून अक्कल शिकवायला काय जातंय?

निवृत्त मास्तर:
अहो, धागा भूकंपाचा आहे.

निफाडचा बागाईतदार:
सर, रात्री मोटारीवर गेलेला माणूस परत येईपर्यंत घरात रोज भूकंपच असतो.

गोदाकाठ:
उमरग्याच्या ताई, तो "असेल" मागे घेतो. आजोबांना उजेड दिसला असणार. जपानमध्ये मात्सुशिरोला १९६५ ते ६७ च्या धक्क्यांच्या मालिकेत अशा उजेडाचे फोटोच निघालेत. झालं समाधान? पण तो दिसला आवाजाबरोबर, आधी नाही. माझं भांडण तेवढ्यापुरतंच. ग्रीसमध्ये 'व्हॅन' (तिघा शास्त्रज्ञांच्या आडनावांची आद्याक्षरं) पद्धतवाल्यांनी १९८० च्या दशकापासून जमिनीत तारा पुरून इशारे दिले. टीकाकारांचा आक्षेप हाच, की जागा आणि वेळ इतकी ऐसपैस की काही ना काही बरोबर येणारच.

निवृत्त मास्तर:
म्हणून मोजणंच सोडायचं? चीनने २०१८ मध्ये त्यासाठी उपग्रह सोडलाय.

गोदाकाठ:
मोजा की, सर. दिंडोरी रोडला 'मेरी' या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतलेही धक्के मोजतातच, गाद्या गच्चीवर न नेता.

उमरग्याची लेक:
त्या काकू उतरल्या का खाली?

गोदाकाठ:
उतरल्या. डास चावले.

निफाडचा बागाईतदार:
आमची पाळी आज साडेदहाची. निघतो. काही चमकलं तर फोटो टाकतो, हात थरथरले नाहीत तर.