स्कीम, टाउनशिप, जुनी कॉलनी : इंदूरच्या आखीव वस्त्यांतले अनुभव

रामबागकर

आमचं घर रामबागेत आहे. आई-बाबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, जिना उभा, गल्लीत अँब्युलन्स शिरणं कठीण. त्यामुळे बायपासकडच्या एखाद्या टाउनशिपमध्ये जावं असं घरात बोलणं चाललं आहे. माहितीपत्रकं भरपूर वाचून झाली. क्लबहाउस, जॉगिंग ट्रॅक, मंदिर, सगळं त्यांत आहे. पण मे महिन्यात नळाला पाणी किती येतं, आणि सत्तरी ओलांडलेलं माणूस संध्याकाळी पायी कुठवर जाऊ शकतं, हे एकाही पत्रकात नाही. ते तिथे राहणाऱ्यांनाच विचारायला हवं.

वस्ती माणसांसाठी कशी आखावी, हा प्रश्न आपल्या शहरात फार जुना आहे. होळकर दरबारने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं आणि १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, एखादं पडकं घर काढून तिथे चौक करा, झाड लावा, माणसांना आहे तिथेच नीट राहू द्या, असं त्याचं म्हणणं होतं. ते प्लेगचे दिवस होते. ज्या गल्ल्या सगळ्यांत स्वच्छ असतील त्यांतून दिवाळीची मिरवणूक जाईल असं त्याने ठरवलं, आणि लोकांनी आपापली घरं झाडून-रंगवून काढली. नकाशा काढणाऱ्याने आधी रहिवाशांना सोबत घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे इंदूर विकास प्राधिकरणाच्या स्कीम, म्हणजे नंबर दिलेल्या आखीव वसाहती, आल्या, आता बिल्डर आहेत. यांपैकी कुणीही आखलेल्या वस्तीत राहत असाल तर लिहा. वसाहतीचं किंवा बिल्डरचं नाव घालून भांडण मात्र नको.

चौपन्ननंबर

स्कीम ५४ मध्ये, म्हणजे आताच्या विजयनगरात, प्राधिकरणाच्या प्लॉटवर आम्ही घर बांधलं तेव्हा या भागाला कुणी शहर म्हणत नव्हतं. समोर शेतं. पावसाळ्यात काळी माती चप्पल ओढून घ्यायची. त्याच मातीमुळे पाया इतका खोल घ्यावा लागला की निम्मा पैसा जमिनीखाली गेला. नातेवाईक विचारायचे, एवढ्या लांब कशाला गेलात?

पण रस्ते घरांच्या आधी पडले होते, आणि त्याचा फायदा आजही मिळतो. घरापुढून पाण्याची टाकी भरणारा ट्रक सहज वळतो. ड्रेनेजसाठी कुणाचं अंगण खोदावं लागलं नाही. नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ मध्ये आलं. १९७० मध्ये लोकांनी त्यासाठी मोठं आंदोलन केलं होतं. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून, शेकडो मीटर उंच चढवून ते आणावं लागतं. आखलेल्या स्कीममध्ये पाइप टाकायला जागा सोडलेली असते, म्हणून ते आमच्यापर्यंत नीट पोचलं. त्याच काळात शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या कॉलन्यांत लोक किती वर्षं बोअरिंग आणि टँकरवर राहिले हे ज्यांनी पाहिलंय, ते सरकारी आखणीला नावं ठेवणार नाहीत.

वाईट सांगायचं तर मेन रोड. प्लॉट राहण्यासाठी दिले होते. आता रस्त्याकडेची घरं शोरूम, होस्टेल, कोचिंग झाली आहेत. रात्री अकरापर्यंत फाटकासमोर कुणाची तरी गाडी उभी. माझ्या मते आखणी करणाऱ्यांनी दुकानांना पुरेशी जागा ठेवली असती तर ती घरांत शिरली नसती.

रामबागकर, वडिलांसाठी एक सांगतो. २०१३ मध्ये बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, सुरू झाली, तेव्हा आम्हा म्हाताऱ्यांचं जग मोठं झालं. तिथल्या आयबसचा दरवाजा फलाटाच्या पातळीला, पायरी चढायची नाही. विजयनगरहून बसायचं, गीताभवन, नवलखा, थेट राजीव गांधी चौकाकडे. मुलाला गाडी काढ म्हणावं लागत नव्हतं. २०२५ मध्ये ती मार्गिका काढायचा निर्णय झाला, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. घर बघताना क्लबहाउसच्या आधी बसथांबा बघा.

फॉलपिको

मी अरण्य वसाहतीत राहते, स्कीम ७८ कडे. सासूबाईंना प्लॉट मिळाला तेव्हा त्यावर एक जोतं होतं, संडास-मोरी होती आणि वर आभाळ. बाकी घर आपलं आपण बांधायचं. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी ही वसाहत तशीच आखली होती. गरिबाला तयार घर देण्याइतके पैसे सरकारकडे नसतात, म्हणून जमीन, पाणी, ड्रेनेज आणि जोतं द्यायचं, भिंती तो जमेल तशा उभ्या करील. सगळ्यांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचे, मोठे ४७५ पर्यंत. एकूण साडेसहा हजारांच्या आसपास. मोठे प्लॉट कडेला आणि मोठ्या रस्त्यावर, ते विकून आलेल्या पैशांतून आमच्यासारख्यांचे प्लॉट स्वस्त पडले.

सासरे रंगारी. पहिली खोली विटांची, वर पत्रे. नणंदेच्या लग्नाआधी स्लॅब पडला. मग जिना, तोही बाहेरून. नमुन्याची ८० घरं बांधून दाखवली होती, त्यांत जिने, ओटले, गच्च्या होत्या. लोकांनी ते बघितलं आणि ज्याला जे परवडलं ते उचललं. बाहेरच्या जिन्याचा उपयोग दिरांचं लग्न झाल्यावर कळला. वरचा मजला त्यांचा, येणं-जाणं वेगळं, भांडण नाही. भाडेकरू ठेवायचा तरी तोच जिना कामाला येतो. आमच्या गल्लीत एकसारखी दिसणारी दोन घरं सापडणार नाहीत. कुणाचा गुलाबी रंग, कुणाची जाळी, कुणी वर तुळशीवृंदावन बांधलंय.

पुढच्या खोलीत मी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. हे टाउनशिपच्या नवव्या मजल्यावर झालं नसतं. गिऱ्हाईक गल्लीतून जाता जाता ओट्यावर पिशवी ठेवतं. कडेच्या मोठ्या बंगल्यांतल्या बायकाही माझ्याकडेच येतात, कारण पायी पाच मिनिटांवर आहे. त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाणारी बाई माझ्या शेजारची. गरीब, मध्यम आणि पैसेवाले एकाच वसाहतीत ठेवले की एकमेकांचं काम एकमेकांना मिळतं. आमच्या घरात दोन मुलांची शिक्षणं त्याच्यावर झाली.

या वसाहतीला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला, आणि दोशींना २०१८ मध्ये वास्तुकलेतलाच प्रित्झ्कर पुरस्कार, भारतातून पहिल्यांदाच. त्यामुळे आर्किटेक्चरची पोरं वह्या घेऊन येतात, जिन्याचं चित्र काढतात. मी चहा देते आणि सांगते, जिना बघा, पण नळ किती वाजता येतो तेही लिहा. दोघातिघांनी खरंच लिहिलं.

अडचणीही आहेत. घरांमधले छोटे चौक पोरांनी खेळावं, बायकांनी पापड वाळत घालावेत म्हणून सोडले होते. आता तिथे गाड्या लागतात. ८० च्या दशकात आमच्यासारख्याच्या दारात चारचाकी उभी राहील असं कुणाला वाटलं असतं? काहींनी तिसरा मजला चढवला, खालच्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागतो. ड्रेनेजचं एक चेंबर कितीतरी घरांमध्ये सामाईक आहे, तुंबलं की सगळ्यांना उतरावं लागतं. तरी मला हीच वस्ती बरोबर आखलेली वाटते. माणूस पुढे वाढणार, त्याचं घर वाढणार, हे धरून ती आखली होती. बाकीच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी घर पूर्ण करून देतात आणि मग एक खिडकी बदलायलाही सोसायटीचा कागद लागतो.

मिलगल्ली

थोडक्यात लिहितो. आम्ही नंदानगरचे, आजोबा हुकुमचंद मिल या कापड गिरणीत. ही मजुरांची वसाहत. ओळीने घरं, गल्ल्यांना नंबर. १९९१ मध्ये मिल बंद पडली, पगार थांबले, वसाहत मोडली नाही. प्रत्येक घराने पुढच्या खोलीत काहीतरी काढलं. पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, शेव-चिवड्याची भट्टी. मिल गेल्यावर आम्ही टिकलो ते रस्त्याला लागून असलेल्या त्या एका खोलीमुळे, असं आजी कायम म्हणायची. फॉलपिको ताईंचं वाचून तेच आठवलं. थकबाकी मिळायला मात्र २०२३ संपायला आलं. आजोबा तोवर राहिले नव्हते.

सुपरकॉरिडॉर

नोकरी जवळ म्हणून इथे सुपर कॉरिडॉर या रस्त्यालगत फ्लॅट भाड्याने घेतला आहे. रस्ता इतका रुंद की पलीकडच्या टपरीवर चहा प्यायला जायचं तर जीव मुठीत धरावा लागतो. सावली नाही. ३१ मे २०२५ ला मेट्रोचा पहिला टप्पा इथेच सुरू झाला. स्टेशन चकचकीत आहे, पण स्टेशनातून पायी घरी यायला फुटपाथ आणि झाडं हवीत. तरुण एकट्या माणसाला चालेल. आई आली होती, तिचा दिवस जाता जाईना.

निपानियावहिनी

रामबागकर, तुम्ही विचारताय तशाच टाउनशिपमध्ये आम्ही राहतो. सासूबाई सोबत आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू सांगते.

मुलांसाठी ही जागा खूप चांगली. आत गाड्या हळू चालतात, मुलगी एकटी सायकल फिरवते, मी खिडकीत उभी राहत नाही. लिफ्ट आहे, रात्री जनरेटर आहे, दारापर्यंत अँब्युलन्स येते. गेल्या वर्षी सासूबाईंना छातीत दुखलं तेव्हा गार्डने स्ट्रेचर आणून दिलं. हे मी कधी विसरणार नाही. सणही छान होतात. गणपतीला बंगाली, सिंधी, दक्षिणेकडचे सगळे येतात, अथर्वशीर्ष म्हणायला आम्ही चार मराठी घरं पुढे होतो. संक्रांतीचं हळदीकुंकू क्लबहाउसमध्ये सुरू केलं, आता वाण घ्यायला इतर बायका आवर्जून विचारतात.

त्रास अंतराचा आहे. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी स्कूटर काढा. भाजीच्या ठेल्याला फाटकाच्या आत परवानगी नाही. सासूबाई जुन्या लोकमान्यनगर कॉलनीतल्या. तिथे त्या सकाळी दूध, फुलं, देऊळ, वाटेत दोन ठिकाणी ओटल्यावर टेकणं, असं करून तासाभराने घरी यायच्या. इथे त्या ट्रॅकवर गोल फिरतात. डॉक्टर म्हणतात चालणं तेवढंच होतंय. त्या म्हणतात, कुठे पोचतच नाही. सानंद या मराठी संस्थेचं नाटक खंडवा रोडला, इथून जाऊन-येऊन अख्खी संध्याकाळ, आणि न्यायला कुणीतरी हवं. त्यांच्या मैत्रिणी येतात तर गेटवर नाव, नंबर, फोटो. दोघी तिघी आता येत नाहीत.

आणि कामवाल्या बायका. पास, झडती, वेगळी लिफ्ट. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये याविरुद्ध बोलले आणि बोलत राहणार. झडती बंद झाली आहे, लिफ्टचं बाकी आहे.

लोकमान्यनगर

निपानियावहिनी, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. त्या टेकायच्या त्यातला एक ओटला आमचा असणार.

आमची कॉलनीही आखलेलीच. बैठी घरं, प्रत्येकाला अंगण, आंबा नाहीतर पारिजातक. शाळा, देऊळ, वाचनालय, किराणा, सगळं चपलांच्या अंतरावर. तिथे आता मोठमोठ्या घरांत दोन-दोन म्हातारी माणसं. मुलं पुण्यात, बंगळूरला. घर विकलं की तिथे चार मजली इमारत उभी राहते, आंबा जातो. आम्ही काही जणांनी मिळून ठरवलं आहे, रोज सकाळी कचरागाडी येते तेव्हा सगळ्यांनी बाहेर यायचं. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा, सहा भाग करून टाकताना दोन शब्द होतात. कुणी दिसलं नाही तर बेल वाजवायची. एकदा त्यामुळे मोरीत पडलेल्या काकू वेळेवर सापडल्या. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं म्हणून सगळीकडे नाव आहे. आमच्या म्हाताऱ्यांच्या कॉलनीला त्या गाडीचा हा दुसरा उपयोग जास्त मोठा आहे.

नकाशाकाम

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ले-आउट काढत आलोय. रामबागकर, घर पसंत पडलं तर टाउन अँड कंट्री प्लॅनिंग या सरकारी खात्याचा मंजूर नकाशा मागा आणि तो हातात धरून जागेवर फिरा. नकाशात बगीचा आहे तिथे प्रत्यक्षात काय आहे ते बघा. रेराची, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडची, नोंदणी तपासा. कॉलनी महापालिकेकडे हस्तांतरित झाली का, हे सगळ्यांत आधी विचारा. नसेल तर रस्ता, दिवे, ड्रेनेज यांचा खर्च मेंटेनन्समधून जातो, आणि नर्मदेची लाइन आलीय की बोअरिंगवर चाललंय हेही त्यावरून कळतं. फाटकापासून औषधाचं दुकान आणि भाजी किती लांब, ते आईला सोबत घेऊन चालत बघा. मोटारीतून बघितलेलं अंतर खोटं असतं.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. आईने हे सगळं माझ्याकडून वाचून घेतलं. तिने लगेच विचारलं, लोकमान्यनगरात तळमजला भाड्याने मिळेल का. बाबांना अजून लिफ्ट हवी आहे.

निपानियावहिनी

मग बाबांना घेऊन आमच्याकडे आठवडाभर राहायला या. सोसायटीची गेस्टरूम अगदी कमी भाड्यात मिळते. फक्त मे महिन्यात या, पावसाळ्यात नको. तेव्हा टँकर किती येतात, लिफ्ट किती वेळा बंद पडते आणि दुपारी चार वाजता त्यांच्याशी बोलायला कोण असतं, हे सगळं दिसेल. गेटवर नाव मी देऊन ठेवते.