मदत हवी आहे : माजी सैनिक दिन आणि एका आजींची पेन्शन

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात माजी सैनिकांची छोटी संघटना आहे. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त, त्यामुळे सभासदांचे हयातीचे दाखले 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर भरायचं काम माझ्या गळ्यात!

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन करतो (१९५३ साली पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा याच दिवशी निवृत्त झाले). शाल, श्रीफळ, लांबलेली भाषणं, नेहमीचंच. यंदा दिवंगत जवानांच्या पत्नींचाही सत्कार करायचाय. त्याच दिवशी संक्रांत, म्हणून हळदीकुंकूही त्यांच्यासोबतच करावं असं वाटतं. पण गावातल्या जुन्या बायका कुरकुरतात आणि खुद्द या जवानांच्या पत्नीच म्हणतात, "नको रे बाबा, लोक काय म्हणतील." कुणी हे जमवलंय का? कसं समजावलंत?

दुसरं, त्यांच्यापैकी एका आजींच्या नावात पतीचं डिस्चार्ज बुक (लष्करातून निवृत्त होताना मिळणारं नोंदपुस्तक) आणि आधार यांत एका अक्षराचा फरक आहे. कुटुंब निवृत्तिवेतन त्यावरच अडलंय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोमवारी जातोय. पण रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला प्रतिज्ञापत्र पुरतं, की राजपत्रातही नाव छापावं लागतं? ज्यांनी अलीकडे केलंय त्यांनी कृपया सांगा. आजींना बेळगावची खेप झेपणार नाही.