डाइक्स्ट्रा आडनावातलं ‘-स्ट्रा’ म्हणजे आपलं ‘-कर’च का?

गोदाकाठ_नांदेड: कॉम्प्युटरवाल्यांना डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाचा अल्गोरिदम (सगळ्यात जवळचा रस्ता शोधायची रीत) पाठ असतो, आडनावाचा अर्थ मात्र कुणी सांगत नाही. ‘-स्ट्रा’ हे नांदेडकर, पैठणकरसारखंच आहे का? सगळे डाइक्स्ट्रा एकाच मुळाचे का? आणि अमेरिकेत स्पेलिंगमध्ये ‘आयजे’च्या (Dijkstra) जागी ‘वाय’ (Dykstra) कसा आला?

बालाघाट: बरंचसं सारखं, पण एक फरक आहे. ‘-स्ट्रा’ हा फ्रीसलंडचा, म्हणजे नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या प्रांताचा प्रत्यय. अर्थ ‘तिथं राहणारा’. आपलं ‘-कर’ बहुतेक गावाच्या नावाला लागतं, आणि तेही माणूस गाव सोडून गेल्यावर. पैठणात राहणाऱ्याला पैठणकर म्हणून काय उपयोग! ‘-स्ट्रा’ मात्र बऱ्याचदा जागेच्या खुणेला लागतं. डाइक म्हणजे पाणी अडवणारा बांध, म्हणून डाइक्स्ट्रा म्हणजे बांधाजवळचा. (शेताचा धुरा डोळ्यापुढं आणू नका, हे समुद्राला थोपवणारे बांध.) हूकस्ट्रा कोपऱ्यावरचा. टेर्पस्ट्रातला ‘टेर्प’ म्हणजे बांध नव्हते तेव्हा पुरापासून वाचायला माणसांनी रचलेलं टेकाड. आपल्याकडं गावाची पांढरी असते ना, दिसायला तशीच उंच, फक्त ती हेतूनं रचलेली नसते.

एक मूळ? नाही. बांध जागोजागी होते, त्यामुळं एकमेकांशी नातं नसलेली कितीतरी घरं डाइक्स्ट्रा झाली.

मांजरा_तीर: त्यात 1811 ची भर. नेपोलियनच्या हुकमानं ज्यांना आडनाव नव्हतं त्यांना ते नोंदवावं लागलं. फ्रीसलंडमध्ये तोवर बहुतेकांचं काम बापाच्या नावावर चालायचं: क्लास शूर्ड्स म्हणजे शूर्डचा पोरगा क्लास. आपलं मधलं नाव, फक्त त्यापुढं आडनाव नाही. लोकांनी सरकारची चेष्टा म्हणून वेडीवाकडी नावं घेतली, ही गोष्ट फार फिरते. पण त्यात दाखले म्हणून दिलेली काही नावं 1811 च्या आधीचीच आहेत.

घराण्याचा शोध घ्यायचा तर उलट्या क्रमानं जा: आधी मृत्यूची नोंद, मग लग्नाची, मग जन्माची. लग्नाची नोंद सगळ्यात कामाची, कारण दोन्हीकडच्या आईबापांची नावं तिथंच सापडतात. जोडलेली कागदपत्रं मिळाली तर जन्माचा उताराही हाती येतो. पुढं 1811 च्या आडनाव-नोंदवहीत कुटुंबप्रमुख शोधा. तिथं मुलं-नातवंडं वयांसकट असतात. त्याच्या मागं चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, आणि तिथं ‘डाइक्स्ट्रा’ टाकून बहुधा काहीच निघणार नाही. बापाचं नाव आणि गाव टाका. फ्रीसलंडच्या नोंदी ‘आलेफ्रीझन’ या साइटवर फुकट बघता येतात.

आपली माणसं इथं हमखास फसतात: डच नोंदीत बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावानं असते. सासरच्या नावानं शोधलं की पाटी कोरी. आणि जन्म 100, लग्न 75, मृत्यू 50 वर्षं झाल्याशिवाय नोंद खुली होत नाही.

बालाघाट: ‘वाय’चं राहिलं. हातानं जोडून लिहिलेलं ‘आयजे’ वर दोन टिंबं दिलेल्या ‘वाय’सारखं दिसतं. इंग्रजी वर्णमालेत ती जोडी नाही, म्हणून मिशिगनकडं गेलेल्या कितीतरी घरांचा सरळ ‘वाय’ झाला. जुन्या डच कागदांतही दोन्ही रूपं सापडतात. त्यामुळं शोधताना ‘D*kstra’ असं टाका, तारांकनाच्या जागी कुठलीही अक्षरं चालतात. एकच स्पेलिंग धरून बसलात तर अर्धं घराणं बाहेर राहील.

गोदाकाठ_नांदेड: म्हणजे आडनाव जुळलं तरी आधी गाव आणि बापाचं नाव जुळवायचं. आभार दोघांचे.