घराजवळ नवीन एस्प्रेसो बार उघडलाय, पहिलीच एस्प्रेसो आंबटढाण लागली. असंच असतं का?

पायरीवरची_मांजर
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन आठवड्यांपूर्वी छोटासा एस्प्रेसो बार सुरू झालाय. जेमतेम चार उंच स्टुलं, एक लाकडी काउंटर आणि त्यावर चकचकीत मशीन. इतकी वर्षं ती जागा बंद शटरच होती त्यामुळे मला उघडल्याचाच आनंद झाला, आणि दुकान चालावं असं अगदी मनापासून वाटतंय. आत्तापर्यंत मी दुधाचीच कॉफी पीत आलेय पण म्हटलं एवढं मशीन समोर आहे तर एस्प्रेसोच घेऊ.

इवल्याशा कपात आली, वर फिकट पिवळसर फेस होता. पहिला घोट घेतला आणि चेहराच आक्रसला, कारण मला कडू लागेल असं वाटलं होतं आणि ही निघाली आंबट, म्हणजे लिंबू चावल्यासारखी, शिवाय पातळ. काउंटरवरच्या मुलाने "कशी वाटली?" विचारलं तर मी "छान" म्हणून निघून आले आणि तेव्हापासून ते मनाला खातंय. चांगली एस्प्रेसो अशीच लागते आणि मला सवय नाही, की खरंच काही बिघडलं होतं? आणि बिघडलं असेल तर नवीन दुकानवाल्याला तसं सांगावं का, सांगायचं तर कसं? तो मुलगा मनापासून करत होता हो, त्याला दुखवायचं नाहीये.

वाफाळ
ताई, मी तीन वर्षं अशाच एका मशीनच्या मागे उभा राहिलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या जिभेचं काही चुकलं नाही. आंबट, पातळ आणि वर फिकट फेस हे तिन्ही एकत्र म्हणजे शॉट (मशीनमधून एका वेळी निघणारी एस्प्रेसो) फार भरकन खाली आला. कॉफीतून आधी आंबटपणा उतरतो, मग गोडवा आणि सगळ्यात शेवटी कडूपणा. पाणी घाईने निघून गेलं की पहिलाच भाग कपात येतो, बाकीचं दाबलेल्या पुडीच्या चकतीतच राहतं.

साधारण हिशोब असा की १८ ग्रॅम पूड घ्यायची, ९ बारच्या आसपास दाब, ९० ते ९६ डिग्रीचं पाणी, आणि २५ ते ३० सेकंदात कपात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. हे काही देवाने दिलेले आकडे नाहीत, बियांप्रमाणे पुढेमागे होतात, पण तुमची कॉफी १५ सेकंदात कपात पडली असेल तर ती आंबट लागणारच.

आता नवीन दुकानात हे जास्त का होतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं मुलाला येत नाही. ग्राइंडरच्या पात्या नव्याकोऱ्या असतात, काही किलो कॉफी दळून झाल्याशिवाय दळण एकसारखं पडत नाही, आज बसवलेलं सेटिंग उद्या चालत नाही. त्यात उद्घाटनासाठी बिया अगदी ताज्या भाजून आणलेल्या असतात. ताज्या म्हणजे चांगल्याच असं वाटतं ना, पण भाजल्यावर बियांत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो निघून जायला आठवडाभर तरी द्यावा लागतो, नाहीतर शॉट फुसफुसत पडतो आणि फेस ढीगभर येऊन लगेच बसतो. हवा दमट झाली की परत सगळं बदलतं, दुपारी गर्दीत ग्राइंडर तापला की अजून बदलतं. मी सकाळी दुकान उघडायच्या आधी चार-पाच शॉट काढून चाखायचो आणि ओतून द्यायचो, आणि तरी अकरा वाजता परत बारीक करावं लागायचं.

आणखी एक बारीकशी गोष्ट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. ग्राइंडर एक घर बारीक केला तरी आतल्या नळीत आधीची जाड पूड थोडी उरलेली असते, ती पुढच्या शॉटमध्ये मिसळते. म्हणजे तुम्ही बदल केला, चाखलं, फरक नाही वाटला, म्हणून अजून बारीक केलं आणि मग एकदम कडू आणि थेंबथेंब! मी पहिला महिना यातच घालवला. थोडी पूड दळून टाकून द्यायची आणि मगच पुढचा शॉट, हे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

निवांत_संध्याकाळ
वाफाळ यांनी छान लिहिलंय पण मला एक म्हणायचंय. हलक्या भाजणीची कॉफी मुळातच आंबटसर असते आणि हल्ली बरेच नवीन बार तीच ठेवतात, त्यामुळे आंबट म्हणजे बिघडलेली असं लगेच धरू नका. फरक ओळखायचा कसा तर चांगला आंबटपणा पिकलेल्या फळासारखा असतो, मागून गोडी येते आणि पिऊन झाल्यावर चव बराच वेळ तोंडात रेंगाळते. बिघडलेला आंबटपणा टोचतो आणि घोट गिळला की सगळं संपतं, मागे काहीच उरत नाही. ताईंनी पातळ लागली असंही लिहिलंय म्हणून मला पण दुसराच प्रकार वाटतोय.

आणि पिण्याआधी चमच्याने ढवळलीत का? न ढवळता प्यायलात तर वरचा घोट वेगळा आणि तळाचा वेगळाच लागतो, कारण आधी पडलेला दाट भाग खाली बसतो आणि नुसता फेस चाखला तर तो कडवट असतो. आधी घोटभर साधं पाणी प्यायचं, मग ढवळून, दोन-तीन घोटांत गरम असतानाच संपवायची. थंड होऊ दिली की आंबटपणा अजून वर येतो.

जुनी_किटली
मला जरा वेगळं वाटतं, राग मानू नका. पैसे देऊन आलेल्या गिऱ्हाइकाने ग्राइंडर आणि सेकंदांचा अभ्यास का करायचा? कॉफी बरोबर देणं हे दुकानाचं काम आहे. आमच्याकडे मागे असाच एक बार उघडला होता, दोनदा जाऊन सांगितलं की कॉफी करपट लागतेय तर काउंटरवरून उत्तर मिळालं की एस्प्रेसो अशीच असते, तुम्हाला सवय नाही. ते वाक्य मला इतकं लागलं की मी परत पाऊल टाकलं नाही. त्यामुळे ताई, सांगा जरूर, पण तो कसा ऐकून घेतो ते बघा. ऐकून घेणारा असेल तर चार चुका माफ, नसेल तर कॉफी कितीही चांगली असू दे, आपण नाही जाणार.

वाफाळ
किटलीकाका, तुमचं शंभर टक्के पटलं. "तुम्हाला सवय नाही" हे वाक्य मशीनमागच्या माणसाने कधीच बोलू नये. उलट आम्ही वाट बघत असतो कोणीतरी खरं सांगण्याची. दिवसभर सगळे "छान" म्हणतात आणि संध्याकाळी अर्धे कप भरलेलेच परत आलेले दिसतात, त्याचं फार वाईट वाटतं.

ताई, गर्दी नसेल अशा वेळी जा आणि जे जाणवलं ते जसंच्या तसं सांगा, म्हणजे "मला आंबट आणि पातळ लागली". "खराब होती" म्हटलं तर त्याला काहीच कळणार नाही, पण आंबट म्हटलं की दळण बारीक करायचं आणि कडू म्हटलं की जाड, इतकं त्याला लगेच समजेल. जीभ कोरडी पडेल अशी तुरट लागली तर पूड नीट पसरली नाही, पाण्याने एका बाजूने वाट काढली. एवढ्या तीन शब्दांवर आमचं काम चालतं.

रात्रपाळी
थोडं अवांतर. संध्याकाळी एस्प्रेसो घेतली तर झोप उडते का? मला वाटायचं इतकी घट्ट म्हणजे कॅफिन पण भरपूर.

निवांत_संध्याकाळ
@रात्रपाळी, घोटाघोटाला बघितलं तर जास्त, पण कपच इवलासा असतो ना. ३० मिलीच्या एका शॉटमध्ये साधारण ६० ते ६५ मिलीग्रॅम, आणि मोठा मगभर गाळलेली काळी कॉफी घेतलीत तर त्यात ९०-९५ च्या घरात. पण बहुतेक ठिकाणी आता डबल शॉटच देतात हे लक्षात ठेवा. बियांत रोबस्टा जातीची कॉफी मिसळली असेल तर अजून वाढतं, त्यात अरेबिका जातीपेक्षा जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं. मी स्वतः चारनंतर घेत नाही, शरीरातून निम्मं जायलाच पाचेक तास लागतात.

आणि घट्टपणा येतो दाबामुळे. इटलीतल्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं मशीन वाफेच्या जोरावर चालायचं, दाब कमी, त्यामुळे वर आजच्यासारखा जाड फेस नव्हताच. तिथल्याच गाज्जियाची दांडा ओढायची मशीनं दुसऱ्या महायुद्धानंतर आली तेव्हा तो सोनेरी थर कपात दिसायला लागला आणि १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ मशीनने पंप आणून हाताची ताकद वाचवली. मला मशीनसमोर उभं राहिलं की दरवेळी हे आठवतं, जवळजवळ पन्नास वर्षं लागली त्या बोटभर जाडीच्याही नसलेल्या थराला!

पायरीवरची_मांजर
सगळ्यांचे खूप आभार. आज दुपारी तीनला जाऊन आले, दुकानात कोणीच नव्हतं. धीर करून सांगितलं की परवा छान म्हणाले होते पण खरं तर मला आंबट आणि पातळ लागली होती. तो एक क्षण गप्प झाला, मला वाटलं दुखावला, आणि मग म्हणाला, "मलाही कालपासून तसंच वाटतंय, पण कोणी बोललंच नाही." त्याने लगेच एक शॉट काढला, मी मनात मोजत होते, एकोणिसाला कप भरला. स्वतः चाखला, मान हलवली, ओतून दिला. मग ग्राइंडरची कडी किंचित फिरवली, थोडी पूड दळून डब्यात टाकली (वाफाळदादा, तुमचीच आठवण आली!), नवीन पूड बोटाने हलकेच सपाट केली, दाबली, आणि पुडीची दांड्याची वाटी मशीनला अडकवली.

या वेळी पहिली पाच-सहा सेकंद काहीच आलं नाही. मग दोन काळपट थेंब, आणि मग धार लागली, मधासारखी, जरा वाकडी होत होत बारीक होणारी, रंग गडद तपकिरीवरून हळूहळू सोनेरी होत गेला. अठ्ठावीसला त्याने बंद केलं. ढवळून घोट घेतला. आंबट होतीच थोडी, पण मागून अशी गोडी आली की मी साखरेची पुडी न फोडता परत ठेवली. घरी येऊन पायऱ्या चढेपर्यंत तोंडात चव होती.

त्याने पैसे घेतले नाहीत, मी बळंच ठेवून आले. उद्या त्याच्याकडे नवीन बिया येणार आहेत, म्हणाला चार दिवस थांबून उघडतो, मग या आणि खरं काय ते सांगा.