गोवा ७०.३ ला चाललेय : समुद्र, नवरात्राचा उपवास, सायकलची ने-आण… कुणी सांगेल का?

औषधवाली (राजारामपुरी)

नमस्कार मंडळी. गणपती झाले, आता दिवस भराभर जाणार आणि माझ्या पोटात गोळा यायला लागलाय.

माझं कोल्हापुरात औषधाचं दुकान आहे, वय ४३. आधी युनिव्हर्सिटीच्या आवारात धावायला लागले, मग सायकल आली. पोहणं लहानपणापासूनचं, कागलकडं मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं. यंदा गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला नाव घातलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, बाहेर आलं की ९० किलोमीटर सायकल आणि लगेच २१.१ किलोमीटर धावायचं. तिन्हींची मैलांत बेरीज ७०.३ होते, म्हणून हे नाव.

माझा दिवस असा: पहाटे साडेचारला उठते. आठवड्यातले तीन दिवस टँक, बाकी दिवशी धावणं. साडेनऊला दुकान उघडायचं, दुपारी दोन ते चार बंद, रात्री दहाला शटर. पावसाळाभर सायकल घरातच ट्रेनरवर (जागेवर पेडल मारायच्या स्टँडवर) लावून रात्री मारली. आता पाऊस उघडलाय तसं रविवारी पहाटे आम्ही चौघीजणी बालिंग्यावरून गगनबावड्याच्या रस्त्याला लागतो, साळवणपर्यंत जाऊन येतो. दिवसभर काउंटरला उभं राहून पाय भरून येतात, पण सराव चुकवलेला मला चालत नाही. ह्या वयात स्वतःसाठी धरलेली ही पहिलीच गोष्ट आहे आणि मला ती नीट करायची आहे.

अडतंय ते असं. एक, समुद्रात मी पाय भिजवण्यापलीकडं कधी गेलेले नाही. दोन, मी नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरते. घरच्यांचा आग्रह नाही, माझी अंबाबाईवर श्रद्धा आहे म्हणून धरते. नेमके तेच दिवस सगळ्यात जड सरावाचे आहेत. तीन, सायकल न्यायची कशी? आमची गाडी छोटी, माणसं पाच. बसच्या डिकीत टाकली तर चालेल का? आणि शेवटचं, सासूबाई आणि मुलं म्हणतायत आम्हीपण येणार. न्यावं का?

पहाटेचा कळंबा

ताई, आधी मनापासून अभिनंदन. मी ही रेस केलेली आहे, म्हणून समुद्राचं सविस्तर लिहितो.

पोहणं मिरामारला असतं, म्हणजे पणजीला मांडवी नदी जिथं समुद्राला मिळते तिथला किनारा. पाणी गढूळ असतं. टँकमध्ये आपण तळाची रेघ बघत पोहतो, तिथं पुढं टाकलेला स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नाही. लोक घाबरतात ते खोलीला नाही, ह्या न दिसण्याला. आणि इथंच तुमची विहीर कामाला येणार. विहिरीचं पाणी काळं, तळ दिसत नाही, उभं राहायला जागा नाही. तुमच्या शरीराला हे लहानपणीच माहीत झालंय. चांगले चांगले टँकवाले समुद्रात पहिल्या दोनशे मीटरलाच दमतात, कारण त्यांनी असं पाणी पाहिलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट भिंतीची. २५ मीटरच्या टँकमध्ये १.९ किलोमीटर म्हणजे ७६ लांब्या, म्हणजे ७५ वेळा भिंतीला पाय लावून फुकटचा धक्का. समुद्रात तो नाही. आजपासून आठवड्यातला एक दिवस भिंतीला हात न लावता, दोन हात अलीकडूनच वळा. खांदे बोलतील, बोलू द्या.

तिसरी दिशा. लेन मोकळी असेल तेव्हा डोळे मिटून दहा-बारा हात मारा आणि डोळे उघडून बघा, कुठल्या बाजूला सरकताय ते कळेल. समुद्रात दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्यावर काढून बोया, म्हणजे वाट दाखवणारा तरंगता फुगा, बघायचा असतो. पण लाटेत बोया लपतो, म्हणून त्याच्या मागं किनाऱ्यावरचं काहीतरी उंच धरून ठेवायचं, इमारत किंवा झाडी. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे. लाट ज्या अंगाला असेल त्याच बाजूला तोंड उघडलं की खारं पाणी पोटात, आणि पुढं सायकलवर मळमळ.

घाबरायला झालंच तर उताणं व्हायचं. कयाकवर, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीवर, मदतीला माणसं असतात, त्यांच्या कयाकला धरून दम खाल्ला तर नियमात बसतं, फक्त त्यांनी तुम्हाला पुढं ओढून न्यायचं नाही. पोहण्याला ७० मिनिटं आणि सगळं मिळून साडेआठ तास ही ७०.३ ची नेहमीची मर्यादा. वेटसूट (अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख) २४.५ अंशांच्या वर चालत नाही आणि गोव्याचं पाणी त्याहून उबदार, तेव्हा त्यावर पैसे घालू नका. खाऱ्या पाण्यात अंग तसंही जास्त तरंगतं. मानेला आणि काखेत व्हॅसलीन मात्र भरपूर लावा, मीठ घासून कातडं सोलवटतं.

दसऱ्यानंतर एक शनिवार-रविवार काढून मालवण किंवा वेंगुर्ल्याला जा. त्याआधी राजाराम तलावात पोहणाऱ्या लोकांबरोबर जा, कमरेला भडक रंगाचा फुगा बांधून. एकटीनं मात्र कधीही उघड्या पाण्यात उतरायचं नाही. ह्यावर माझं मत कुणी बदलू शकणार नाही.

घरच्यांचं म्हणाल तर माझ्या मते नेऊ नका. तिथं दोन दिवस डोकं शांत लागतं. पाण्याबद्दल एवढंच, सायकलवर तहान लागली की साधं पाणी भरपूर प्या आणि खिशात गूळ ठेवा. आपल्या गुळासारखं दुसरं काही नाही.

बावडा रोड

ताई, सायकलचं माझ्याकडं लागलं. माझं रिपेअरिंगचं काम हाय.

बसच्या डिकीत उघडी सायकल टाकू नका. वरनं कुणाची तरी पेटी पडती आणि मागचा डीरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ज्या पत्र्याला लागतो तो हँगर वाकतो. हँगर वाकला की गिअर उड्या मारतो, आणि तो पत्रा प्रत्येक सायकलचा वेगळा, गोव्यात ऐनवेळी मिळंलच असं न्हाई. आत्ताच एक जादा हँगर मागवून ठेवा. छोट्या गाडीला मागं लावायचा पट्ट्यांचा कॅरिअर मिळतो, पण आंबोलीच्या वळणांवर माझा त्याच्यावर भरवसा न्हाई. दोन्ही चाकं काढा, डीरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा, चेनला जुनं कापड गुंडाळा आणि मागच्या सीटवर आडवी घाला. म्हणजे गाडीत माणसं तीनच बसणार. बाकीची बसनं येऊ देत. माणसाला बसची डिकी लागत न्हाई.

रस्ता निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, पणजी. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पाच तास धरा, आंबोलीत धुकं असलं तर जास्त. दोन दिवस आधी निघा, कारण आदल्या दिवशी सायकल तिथं जमा करायला लागती.

आणि एक काळजीचं सांगतो. साखर कारखाने चालू झाले की गगनबावड्याच्या रस्त्यावर पहाटे ऊसाच्या ट्रॉल्या. मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला असतो, आणि रस्त्यावर पडलेल्या ऊसावरनं चाक सर्रकन जातं. अंधारात निघू नका. उजाडल्यावर निघा, अर्धा तास कमी झाला तरी चालंल. तुम्ही चौघी आहात तर एका मागं एक, आणि शेवटच्या बाईला मागचा लाल दिवा चालू पाहिजे म्हणजे पाहिजे. मला माझ्या दुकानात येणाऱ्या सायकली चालवणारी माणसं परत आलेली बघायची असतात.

रेसमध्ये मात्र असं एकमेकींच्या मागं लागून चालत न्हाई. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर, ओलांडायचं तर २५ सेकंदांत ओलांडायचं. न्हाईतर ५ मिनिटं दंडाच्या तंबूत उभं करतात. हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा, मगच सायकलला हात.

निपाणीकर काकी

औषधवाली, मी वयानं तुझ्यापेक्षा मोठी, म्हणून अगं-तुगं करते. मीही नवरात्र धरणारी आणि धावणारी. उपवासाचं उत्तर इथं कुठला कोच देणार नाही, म्हणून मी देते.

उपवास सोड असं मी तुला सांगणार नाही. पण नवरात्रात उठता-बसता उपवासही देवीला चालतो, पहिला आणि शेवटचा दिवस. आपल्या आया-आज्या शेतात राबायच्या त्या वर्षी असाच धरायच्या. तुझं यंदाचं वर्ष राबायचं आहे.

नऊच धरायचे ठरवलेस तर निर्जळी नको आणि एका वेळेवर राहणंही नको. नीट पाहिलं तर आपल्या उपवासाच्या ताटात पिष्टमय पदार्थच भरलेले आहेत: रताळं, बटाटा, वरी, राजगिरा, केळं, खजूर. लांब सायकलला जायच्या आधी उकडलेली रताळी आणि थोडं सैंधव, सायकलवर खजूर. खरी कमी पडतात ती प्रथिनं. त्याला दूध, दही, पनीर, दाण्याची आमटी. सरावाहून परतताना गंगावेशीत थांबून म्हशीचं धारोष्ण दूध प्यायची सवय असेल तर ती सोडू नकोस. साबुदाणा मात्र जड सरावाच्या आदल्या रात्री नको, तुपातली खिचडी पहाटेपर्यंत पोटात बसून राहते. आणि त्या नऊ दिवसांत एकच लांब सराव ठेव, बाकीचे हलके. उपाशीपोटी जोरात पळण्यात पुण्यही नाही आणि फायदाही नाही.

घरच्यांना ने. इथं मी वरच्या दादांशी सहमत नाही. ते पुरुष आहेत, त्यांना घरातून दोन दिवस शांतपणे निघता येतं. बाई एकटी गेली की फोन चालूच राहतो, डबा काय केला, गॅस कुठाय. सगळे तिथं असले की फोन बंद. फक्त जाण्याआधी बसून सांग: शनिवारी संध्याकाळी सातला मी जेवणार, नऊला झोपणार, फिरायला तुम्ही जा. खोली वेगळी घे. मुलांना हेही सांग की रेसमध्ये आईच्या हातात पाणी-खाऊ द्यायचा नाही, शेजारून पळायचं नाही. बाहेरून मदत घेतली तर नियमात बसत नाही. टाळ्या वाजवा, नावानं हाका मारा. धावताना शेवटच्या फेरीला सासूबाईंची हाक ऐकू आली तर तुला कळेल मी काय म्हणते ते.

औषधवाली (राजारामपुरी)

तुम्हा तिघांचे किती आभार मानू. काकी, उठता-बसताच धरते. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या ओटी भरून आपण दोघी मिळून देवीला सांगून येऊ.

पहाटेचा कळंबा, एका गोष्टीवर मला बोललंच पाहिजे, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. गोव्याच्या दमटात पाच-सात तास घाम गाळताना नुसतं साधं पाणी भरपूर पिऊ नये. घामातून सोडियम जातं, वरून साधं पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस भ्रमिष्टासारखं वागतं, जास्त झालं तर फिट येते. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाणी पाजतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस घ्या. एक लिटरला २०.५ ग्रॅमची पुडी, त्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज. लिटरमागं सोडियम साधारण १.७ ग्रॅम पडतं. डब्यावर सूत्र वाचून घ्या, त्याच कपाटात ठेवलेली नुसती गोड फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. मात्र १३.५ ग्रॅम ग्लुकोजवर सायकल चालत नाही, ताकदीला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. तिथं तुमचा गूळ अगदी बरोबर. माझा बेत असा: एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी, खिशात गूळ आणि खजूर. आणि तहानेप्रमाणं प्यायचं, घड्याळ लावून नाही. रक्तदाबाच्या किंवा किडनीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

बावडा रोड, उजाडल्यावरच निघू. चौघींनाही वाचून दाखवलंय.

पहाटेचा कळंबा

ताई, पाण्याचं तुमचं बरोबर, माझं वाक्य कुणी धरून बसू नये. मी स्वतः मिठाच्या गोळ्या घेतो, ते लिहायला हवं होतं.

त्या दमटाबद्दल आणखी एक. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. तुमचं दुकान दोन ते चार बंद असतं ना? दसऱ्यानंतरच्या उन्हात त्यातला पाऊण तास हळू पळा, रोज नको, एक दिवसाआड. पहाटेच्या गार हवेत सराव करून गोव्यात दुपारी धावायचं म्हणजे अवघड जातं, आणि तुमचं धावणं दुपारीच येणार. टोपी ओली करून घाला. चक्कर वाटली तर थांबा, सावलीत बसा.

मालवणला जायचं ठरलं की सांगा, आम्ही तिघं येतोय. दोन गाड्या होतील आणि पाण्यात एकमेकांवर लक्ष राहील.

बावडा रोड

सायकलचं मॉडेल आणि साल कळवा ताई, हँगर मीच मागवतो. निघायच्या आठ दिवस आधी सायकल आणून द्या, टायर-ट्यूब बघून ठेवतो. नवीन टायर रेसच्या आदल्या दिवशी घालायचा नसतो, त्यावर आधी शंभरेक किलोमीटर झालेले बरे.