जांभ्याची भिंत आणि लाल फिल्टर

कोकणातल्या पडक्या घरांचा जांभा काळ्यापांढऱ्या फोटोत मेल्यासारखा दिसतो, ही तक्रार खरी आहे. लाल दगड आणि त्यावरचं हिरवं शेवाळ, दोन्ही जवळपास एकाच करड्या छटेत उतरतात. लेन्सवर लाल फिल्टर लावून बघा: दगड उजळतो, शेवाळ काळवंडतं, निळं आभाळही गडद होतं. डिजिटलवर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढून नंतर संगणकावर काळंपांढरं करताना लाल-हिरव्याचे स्लायडर हलवले तरी चालतं.

मी मुद्दाम ढगाळ सकाळ बघून जातो. उन्हात फुटक्या कौलांतले कवडसे पांढरेफटक जळतात आणि माजघर नुसतं काळं येतं.

आणि हो, पडकं म्हणजे बेवारस नव्हे. घराच्या मालकांपैकी, मुंबईतल्या भाऊबंदांपैकी कुणाला तरी आधी विचारा. वाशांकडेही लक्ष असू द्या. वाळवी लागलेला एक माझ्या ट्रायपॉडवर आला होता.